गरम पाणी, तपकिरी मुळं: पुण्यातल्या एका खोलीतलं लेट्यूसचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका जोडप्याने स्वतःच्या फ्लॅटमधल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत खोल पाण्यातली हायड्रोपोनिक शेती सुरू केली. फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. पीक मुख्यतः बटाविया लेट्यूस. गिऱ्हाईक दोन कॅफे आणि सोसायटीतली काही घरं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक आकडे मात्र त्यांच्या वहीतले आहेत. ही वही नीट ठेवली होती म्हणूनच हे प्रकरण मांडता आलं.

या पद्धतीत माती नसते. नेट पॉटमधलं (जाळीदार कुंडीतलं) रोप तरंगत्या थर्मोकोलच्या शीटमध्ये बसतं आणि मुळं खताच्या पाण्यात चोवीस तास बुडालेली राहतात. मुळांना श्वास घ्यायला लागणारा ऑक्सिजन एअर पंप आणि एअर स्टोन पाण्यात सोडत असतात. पंप चालू आणि पाणी गार असेल, तर वाढ मातीपेक्षा जलद होते. यातलं काही बिघडलं तर माती जशी चार दिवस सांभाळून घेते, तशी सवलत इथे नाही.

मांडणी

चार टाक्या होत्या, प्रत्येक ४ बाय २ फूट. पाण्याची खोली ८ इंच, म्हणजे टाकीत साधारण १५० लिटर पाणी. टाकीवर २४ रोपं, ८ बाय ६ इंचांवर. प्रत्येक टाकीवर १०० वॉटचा एलईडी, रोज १६ तास. एकच एअर पंप, ३५ वॉटचा, चारही टाक्यांना मिळून मिनिटाला ४० लिटर हवा देणारा. प्रत्येक टाकीत दोन एअर स्टोन. रोपं कोकोपीटच्या प्लगमध्ये १४ दिवस वाढवून टाकीत लावायची आणि चार आठवड्यांनी काढायची. दर आठवड्याला एक टाकी निघत असे.

खताचं मिश्रण साधं आणि चांगलं होतं. १०० लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) ३० ग्रॅम, ०:५२:३४ १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३५ ग्रॅम, ईडीटीए स्वरूपातलं (म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहील अशा संयुगात बांधलेलं) लोह २ ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची चिमूट. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवायचं. घट्ट द्रावणात ते फॉस्फेट किंवा सल्फेटला भेटलं की पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. पुण्याचं महापालिकेचं पाणी मऊ असल्याने मूळ पाण्याची ईसी (पाणी किती वीज वाहून नेतं त्यावरून कळणारं विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ०.२ आणि खत घातल्यावर १.५ येत असे. पीएच ५.८. डिसेंबर-जानेवारीत टाकीतलं पाणी २१–२२ अंशांवर होतं आणि गड्डे सरासरी १५० ग्रॅमचे निघत होते.

फेब्रुवारीत एक बदल झाला. रोज चार ठिकाणी पीएच तपासण्याचा कंटाळा म्हणून चारही टाक्या पीव्हीसी पाइपने १०० लिटरच्या एका मधल्या टाकीला जोडल्या. पाणी फिरतं राहील, मोजमाप एकाच जागी होईल. सोय खरीच होती. पण त्या दिवसापासून चार टाक्यांचं नशीब एक झालं.

काय बिघडलं

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कोवळी पानं फिकट पडू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळसर. मार्चअखेर दिवे लागल्यावर तीन-चार तासांनी मोठी रोपं मलूल होत आणि दिवे बंद झाल्यावर पुन्हा उभी राहत. मुळं पाण्यात असताना रोप तहानलेलं दिसणं, हीच पहिली मोठी खूण होती. दुसरी खूण वहीत होती: भर घालण्याचं पाणी आठवड्याला ७० लिटरवरून ४५ वर आलं होतं. उन्हाळा वाढत असताना रोपं पाणी कमी पीत असतील, तर गडबड मुळांत आहे.

कॅफेतून पहिली तक्रार आली ती वेगळ्याच बाजूने. तिथला शेफ म्हणाला, "ताई, पूर्वी तुमचा गड्डा तीन दिवस फ्रिजमध्ये कडक राहायचा. आता दुसऱ्या दिवशीच लोळतोय."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका गुरुवारी देखभालीसाठी सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार वीज बंद होती. घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर हॉलचे पंखे आणि राउटर. एअर पंप नव्हता. मत्स्यपालन करणाऱ्या एका परिचिताचा मीटर आणून दुपारी साडेतीनला पाण्यातला ऑक्सिजन मोजला. लिटरला २.४ मिलिग्रॅम. पाणी २९.५ अंश. लेट्यूससाठी हे धोक्याइतकं कमी, असं धरून चालावं. शनिवारी शीट उचलली तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीतली मुळं तपकिरी, बुळबुळीत होती आणि साचलेल्या गटारासारखा वास येत होता. मूळ चिमटीत धरून ओढलं की बाहेरची साल मोज्यासारखी निघून येई आणि आत केसासारखा पांढरा धागा उरे. ही पिथियम या पाण्यातून पसरणाऱ्या, बुरशीसारख्या रोगजंतूच्या मूळकुजीची ठसठशीत खूण आहे. नुसत्या खताच्या डागाने तपकिरी झालेलं मूळ घट्ट असतं, त्याची साल सुटत नाही.

निदान कुठे अडलं

फिकट पानं दिसल्यावर दोघांनी ती लोहाची कमतरता ठरवली आणि ईसी १.५ वरून आधी १.९, मग २.१ केली. २.१ हा आकडा आला कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. खोल पाण्याच्या पद्धतीवर इंग्रजीत जे भरमसाट साहित्य मिळतं, त्यातलं बरंचसं गांजाच्या घरातल्या लागवडीबद्दल असतं. कॅनडात २०१८ पासून आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत ती कायदेशीर आहे. भारतात अमली पदार्थांबद्दलच्या एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार परवान्याशिवाय तो गुन्हा आहे आणि इथे त्याचा विषयच नाही. मुद्दा शेतीचा आहे. ते तक्ते फुलोऱ्यावर येणाऱ्या, प्रखर प्रकाश पचवणाऱ्या झाडाचे. लेट्यूस पानभाजी आहे, तिला १.२ ते १.८ पुष्कळ होते. मुळं आधीच दुखावलेली असताना ईसी वाढवली की पाणी ओढणं आणखी जड जातं. मलूलपणा वाढला तो त्यामुळे.

वर ईसी वाढवायला हाताशी होतं ते १९:१९:१९ वापरलं. त्यातल्या नत्राचा निम्म्याहून जास्त भाग युरियाच्या रूपात असतो. युरिया वीज वाहून नेत नाही, म्हणून ईसी मीटर तो दाखवत नाही. मीटर २.१ म्हणत असताना पाण्यात नत्र त्याहून जास्त होतं आणि कोमट पाण्यात जिवाणूंना आयतं खाद्य मिळत होतं.

तरीही लोहाचा संशय अगदी बिनबुडाचा नव्हता, आणि म्हणूनच निदान अवघड झालं. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळायला सुरुवात झाली होती. एप्रिलमध्ये नळाच्या पाण्याची ईसी मोजली तर ०.८. डिसेंबरनंतर ती मोजलीच नव्हती. म्हणजे मार्चमध्ये मीटरवर १.५ दिसत होते तेव्हा त्यातला मोठा भाग नुसता कठीणपणा होता, खत कमी पडत होतं. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच रोज ७ च्या वर चढत होता. ईडीटीए लोह साडेसहाच्या वर टिकत नाही. पानं फिकट पडली ती आधी या कारणाने, मलूल झाली ती मुळांमुळे. दोन आजार एकाच वेळी होते आणि उपचार फक्त पहिल्याचा झाला, तोही उलट्या बाजूने.

तापमानाबद्दल एक गैरसमज इथे दूर करायला हवा. "पाणी तापलं की ऑक्सिजन संपतो" असं सरसकट म्हटलं जातं. समुद्रसपाटीला २० अंशांवर पाणी लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३० अंशांवर ७.६. पुण्याच्या उंचीवर त्यातून साधारण ६ टक्के वजा करा. म्हणजे ३० अंशांनाही नीट हवा सोडली तर ७ च्या आसपास मिळायला हवेत आणि तेवढे रोपाला पुरतात. खरी अडचण मागणीची. १० अंश वाढले की मुळांचा आणि जिवाणूंचा श्वसनाचा वेग जवळपास दुप्पट होतो. पिथियमच्या उष्णताप्रिय जातींना हेच तापमान मानवतं आणि त्यांचे पोहणारे बीजाणू पाण्यातून एका मुळावरून दुसऱ्यावर जातात. पंप चालू असेपर्यंत तोल कसाबसा टिकला होता. सात तास पंप थांबला आणि तो गेला.

समोर असलेले पर्याय

*पाणी गार करणारा चिलर.* एकत्र जोडलेल्या ७०० लिटरसाठी योग्य यंत्र, पण किंमत संपूर्ण मांडणीच्या निम्मी. शिवाय चिलर उष्णता त्याच खोलीत फेकतो. तो बाहेर ठेवायला बाल्कनी नव्हती.

*बर्फाच्या बाटल्या.* सगळ्यांना सुचणारा उपाय. हिशोब करून पाहा: एक लिटरची गोठवलेली बाटली वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ४२५ किलोज्यूल उष्णता शोषते. १५० लिटर पाणी त्याने जेमतेम ०.७ अंशाने उतरतं. ७ अंश उतरवायला एका टाकीला दहा बाटल्या, चार टाक्यांना चाळीस, आणि हे रोज. घरच्या फ्रीजरचं हे काम नव्हे. वीज गेली त्या दिवशी धोका टाळायला चार बाटल्या ठीक.

*एक टनाचा एसी.* याने काम झालं असतं. दिवसाला १३ युनिट आणि युनिटला ११ रुपये धरले तर आठवड्याला साधारण १,००० रुपये. आठवड्याचं उत्पादन २४ गड्डे, गड्ड्याला ६० रुपये, म्हणजे १,४४०. त्यातून दिव्यांची वीजच ४९० रुपये. एसी लावून लेट्यूस पिकवणं म्हणजे दर आठवड्याला पदरचे पैसे घालणं. हा हिशोब कागदावर मांडल्यावर चर्चा तिथेच थांबली, आणि ते योग्य झालं.

*दिव्यांची वेळ उलटी करणं.* दिवे सकाळी ६ ते रात्री १० लागत होते, म्हणजे स्लॅब तापलेला असताना वरून ४०० वॉटची आणखी भर. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी ३८–३९ अंश असले तरी पहाटे २०–२२ पर्यंत उतरतं. संध्याकाळी ७ ते सकाळी ११ दिवे आणि रात्रभर एक्झॉस्ट पंखा, याला खर्च जवळपास शून्य.

*औषधोपचार.* हायड्रोजन पेरॉक्साइड की ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), यातलं एकच निवडायचं असतं. पेरॉक्साइड चांगले-वाईट सगळे सूक्ष्मजीव मारतं आणि लोहाला विरघळलेलं ठेवणारं ईडीटीएचं संयुगही मोडतं. दोघांनी पहिल्या दिवशी पेरॉक्साइड आणि दुसऱ्या दिवशी ट्रायकोडर्मा टाकला. पहिल्याने दुसरा मारला.

*उन्हाळ्यापुरतं पीक बदलणं.* तुळशीच्या कुळातलं बेसिल आणि कलमी भाजी, दोन्ही २६–२७ अंशांच्या पाण्यात चालतात. कॅफेला बेसिल हवंच होतं.

काय केलं

दुसरी, तिसरी आणि पहिली टाकी पूर्ण रिकामी केली. ७२ रोपं फेकली. चौथ्या टाकीतली सर्वांत लहान रोपं मात्र ठेवली, कारण त्यांची मुळं पांढरी दिसत होती. ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड लिटरला अर्धा मिली, म्हणजे सुमारे ३० पीपीएम, अशा पाण्यात मुळं बुडवून ती ताज्या द्रावणात लावली. नवव्या दिवशी तीही तपकिरी झाली. त्याच दूषित पाण्यात राहिलेली रोपं निरोगी दिसली तरी निरोगी नसतात. पेरॉक्साइड मुळाच्या आत शिरलेल्या बुरशीपर्यंत पोचत नाही.

मग सफाई. आधी ब्रशने चिकटा खरवडून साबणाने धुणं, कारण चिकट थर असताना क्लोरीन आतपर्यंत जात नाही. नंतर प्रत्येक टाकीत १५० लिटर पाण्याला ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १.९ लिटर, म्हणजे ५०० पीपीएम. खिडक्या उघड्या ठेवून चार तास. नेट पॉट आणि हवेच्या नळ्या त्याच पाण्यात. दोनदा धुऊन दोन दिवस वाळवणं. पीएच उतरवायचं आम्ल त्या खोलीतून आधी बाहेर काढलं. आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीवघेणा आहे. जुन्या थर्मोकोलच्या शीट फेकल्या, कारण मुळांचे तंतू त्यांच्या छिद्रांत शिरलेले असतात. एअर स्टोनही नवे घेतले. जुन्यांवर क्षारांचा थर बसून अर्धे बंद झाले होते. पंप ४० लिटरचा असला तरी टाकीत तेवढी हवा पोचतच नव्हती.

मांडणीतले बदल असे. जोडपाइप कापून चारही टाक्या वेगळ्या केल्या आणि प्रत्येक टाकीला स्वतःची ढवळायची काठी आणि पाणी घालायचा मग ठेवला. टाक्यांना चहूबाजूंनी एक इंची थर्मोकोल लावलं. एअर पंप जमिनीवरून उचलून पाण्याच्या पातळीच्या वर फळीवर ठेवला आणि प्रत्येक नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. पंप खाली असला की वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात ओढलं जातं. आणि पंपाची पिन इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतली. ३५ वॉट गुणिले ७ तास म्हणजे २४५ वॉट-तास. १५० अँपिअर-तासाची घरची बॅटरी हे सहज पेलते. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम होतं.

भर घालायचं पाणी पूर्वी दुपारी थेट नळाचं घेत. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं ते पाणी एप्रिलच्या दुपारी ३५ अंश भरलं. आता आरओचं पाणी रात्री पिंपात भरून पहाटे घालू लागले. लोह ईडीटीएऐवजी डीटीपीए स्वरूपातलं घेतलं, ते पीएच ७ पर्यंत टिकतं.

निष्पत्ती

दिव्यांची वेळ, एक्झॉस्ट आणि थर्मोकोल एवढ्यावर संध्याकाळचं पाणी २९.५ वरून २६.५ वर आलं. लेट्यूसला तेही जास्तच. मेमध्ये तीन टाक्यांत बेसिल आणि एकीत कलमी भाजी घेतली. बेसिल पाचव्या आठवड्यापासून छाटणीला आलं. मेच्या शेवटी एका टाकीत मुळांना पुन्हा तपकिरी छटा दिसली. ती टाकी त्याच दिवशी रिकामी केली, बाकी तीन स्वच्छ राहिल्या. टाक्या वेगळ्या केल्याची किंमत तिथे वसूल झाली.

पाऊस सुरू झाल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी २४.५ वर आलं आणि लेट्यूस परत लावलं. जुलैअखेरचे गड्डे १३०–१४० ग्रॅम. दोनपैकी एका कॅफेने मधल्या काळात दुसरा पुरवठादार धरला होता, तो परत आला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त संधी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हुकली. पान फिकट दिसल्यावर हात खताच्या डब्याकडे गेला. त्याआधी शीट उचलून मूळ बघायला दोन मिनिटं लागली असती. खोल पाण्याच्या पद्धतीत क्रम असा हवा: मूळ, पाण्याचं तापमान, हवेचे बुडबुडे, नळाच्या पाण्याची ईसी, टाकीचा पीएच, आणि सर्वांत शेवटी खत. वहीत ईसी आणि पीएच रोज लिहिले जात होते, तापमान आठवड्यातून एकदा, तेही सकाळी, जेव्हा ते सर्वांत कमी असतं. नोंद संध्याकाळी ५ वाजता घ्यायला हवी होती.

टाक्या जोडण्याचा निर्णय मुळातच चूक होता का? मोठ्या हरितगृहात, चिलर आणि यूव्ही फिल्टर असताना, फिरतं पाणी सोयीचं ठरतं. चार टाक्यांसाठी, उन्हाळ्याच्या तोंडावर, या दोहोंपैकी काहीही नसताना ते करायला नको होतं. पीएच चार ठिकाणी मोजायला दिवसाची दहा मिनिटं लागतात.

चौथी टाकी वाचवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. इतक्या दिवसांची मेहनत डोळ्यांसमोर पांढऱ्या मुळांनी उभी असते. पण त्यामुळे नऊ दिवस गेले आणि तोवर स्वच्छ केलेल्या तीन टाक्या त्याच खोलीत संसर्गाच्या शेजारी राहिल्या. सगळं एकदम काढलं असतं तर बेसिल एप्रिलमध्येच लागलं असतं आणि कदाचित दुसरा कॅफेही टिकला असता.

पुढच्या वर्षासाठी दोघांनी तारखेऐवजी तापमान धरलं आहे. संध्याकाळी ५ ला पाणी सलग तीन दिवस २५ च्या वर गेलं की लेट्यूसची नवी रोपं टाकीत जाणार नाहीत, बेसिल जाईल. कॅफेला ते फेब्रुवारीतच सांगून ठेवायचं ठरलं आहे.